चिमणीचं घरटं लावतेस, तर आधी ऊन बघ

अगं, फोटोत बघितली तुझी ती चिमणीची पेटी. एवढ्या हौसेनं आणलीस, छानच वाटलं. पण ताई म्हणून एक सांगू? मावळतीच्या भिंतीवरून ती काढ बाई. जळगावचा उन्हाळा तू जाणतेसच. त्या भिंतीवर भर दुपारपासून दिवेलागणीपर्यंत ऊन, त्यात पेटीला वरून पत्रा! चिमणी जागा शोधते फेब्रुवारी-मार्चमध्ये, सकाळची हवा अजून गार असताना. तेव्हा पेटी बरी वाटते. काड्या, दोरे, पिसं आणून होतात, अंडी घातली जातात आणि मग ऊन चढतं. तोवर त्या बिचारीचा जीव त्या घरट्यात अडकलेला असतो.

विणीचे दिवस आले हे तिला मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून कळतं. दिवस मोठा होऊ लागला की चिमणा भोकाशी बसून चिवचिवत जागा राखायला लागतो. पुढचं बरंचसं मात्र हवेच्या हातात. रोज एक याप्रमाणे ती तीन ते पाच अंडी घालते आणि नेटानं उबवायला बसते ती शेवटच्या एक-दोन अंड्यांच्या सुमारास, म्हणून पिल्लं थोड्याफार फरकानं बरोबरच बाहेर येतात. उन्हाळ्यात हे गणित बिघडतं. घरट्यात २५-२६ अंशांच्या वर गेलं की चिमणी बसली नाही तरी आधीच्या अंड्यांतली वाढ हळूहळू सुरू होते. मग थोरली पिल्लं पुढे आणि शेवटचं मागे पडतं. ते चोच उघडेपर्यंत घास दुसऱ्यानं पळवलेला असतो. त्या शेंडेफळाचं मला फार वाईट वाटतं गं. आणि घरटं ४० अंशांच्या वर तापून तासन्‌तास तसंच राहिलं, तर अंड्यातला जीवच वाचत नाही.

पिल्लू जन्मतं ते उघडंवाघडं, डोळे मिटलेलं. पहिले काही दिवस स्वतःची ऊब धरणं त्याला जमत नाही. पक्ष्यांना घामही येत नाही, म्हणून उकाड्यात ते चोच उघडी ठेवून धापा टाकत राहतं.

पावसाचं दुखणं वेगळं. पहिल्या सरींनी अळ्या-किडे वाढतात, आणि पिल्लांना हवे असतात ते हेच, दाणे मोठ्यांचे. पिल्लांची तहानसुद्धा बरीचशी या ओल्या घासातूनच भागते. पण झड लागली की किडे दडून बसतात आणि आईची ओढाताण होते: पिल्लांना पंखाखाली घ्यावं तर घास कोण आणणार, बाहेर जावं तर ती गारठणार. म्हणून तुझ्या जास्वंदीवर मावा पडला तरी औषध फवारू नकोस. तो त्यांचा डबा आहे.

आता नेमकं काय करायचं ते ऐक. पेटी लाकडी घे. उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीला, सज्जाखाली लाव. भोक ३२ मिलिमीटरचं, म्हणजे साळुंकी आत शिरत नाही. छपराखाली हवेला दोन-चार छिद्रं आणि तळाला पाणी निथळायला तेवढीच. खाली सावलीत पाण्याची उथळ परळ ठेव. २० मार्चला चिमणी दिन म्हणून सगळे पेट्या लावतात. नाशिकच्या मोहम्मद दिलावरांनी हा दिवस सुरू करून लोकांना चिमण्यांकडे वळवलं, त्यांचं मला मनापासून कौतुक आहे. पण तोवर बऱ्याच जोड्यांनी जागा धरलेली असते. पुढच्या वर्षी तू थंडीतच लाव.

हो, आणि आत अंडी असतील तर पेटीला मुळीच हात लावू नकोस. आहे तिथेच राहू दे. वर थोडं अंतर ठेवून गोणपाट बांध, भोकासमोरची वाट मोकळी ठेव.

भर उन्हाळ्यात एखादं पिल्लू उकाड्यानं भोकाशी सरकून खाली पडेल. माणसाचा हात लागला की चिमणी पिल्लाला टाकते असं आपल्याकडे म्हणतात, ते मनावर घेऊ नकोस. पिसं न फुटलेलं असेल तर हलकेच उचलून घरट्यात ठेव आणि लांब हो. पिसं फुटून उड्या मारत असेल तर मांजरापासून दूर, झुडपाच्या सावलीत सोड; आई-बाप तिथे येऊन भरवतात. चोचीत पाणी तेवढं ओतू नकोस, ते श्वासनळीत जातं.