गवत कापणाऱ्या यंत्राचें इंजिन विमानांत

पावसाळ्यांत शाळेच्या मैदानावरील गवत कापावयास माणूस येतो, तेव्हां त्याच्या यंत्राचा घरघराट ऐकून आमच्या विद्यार्थ्यांचें लक्ष खिडकीकडे जातें. त्यांतील लहानसें पेट्रोल इंजिन विमानाची प्रतिकृति उडवूं शकतें, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें.

फिरत्या दोरीनें गवत कापण्याची कल्पना १९७१ सालीं अमेरिकेंतील ह्यूस्टन येथें जॉर्ज बॅलस यांस सुचली, व ती मोटारी धुणाऱ्या यंत्राचे फिरते ब्रश पाहून! पुढें अशीं यंत्रें घरोघर झालीं, आणि हौशी लोकांनीं त्यांचीं इंजिनें काढून प्रतिकृतींस बसविलीं. प्रतिकृतींसाठीं मुद्दाम केलेलीं पुष्कळ इंजिनें मेथॅनॉलच्या मिश्रणावर चालतात. पेट्रोल त्या मानानें स्वस्त पडतें.

हें इंजिन विमानास मानवतें कां? गवत कापणारा यंत्र वाटेल तसें तिरपें धरतो. म्हणून त्याच्या कार्बुरेटरांत तरता गोळा नसून लवचीक पडदा असतो, आणि वंगणाचें तेल पेट्रोलांतच मिसळलेलें असतें. त्यामुळें विमान आकाशांत उलटें झालें तरी इंजिन बंद पडत नाहीं.

ओढण्याची दोरी, क्लच व वरील प्लॅस्टिकचें आवरण काढून टाकतात. नवशिक्यास वाटतें, जड फ्लायव्हीलही काढावें. येथेंच तो फसतो. त्या चाकांत लोहचुंबक बसविलेला असतो. तो तारेच्या वेटोळ्याजवळून जातो तेव्हां ठिणगी पडते. चाक गेलें कीं ठिणगी गेली. तें लेथवर हलकें करितां येतें. मात्र त्याचा तोल बिघडतां कामा नये. चाकावरील थंडाव्याचीं पातीं काढल्यास प्रॉपेलरचा वारा सिलिंडरच्या पंखांवर नीट लागला पाहिजे.

आतां जी गोष्ट सांगण्यासाठीं आम्हीं लेखणी हातीं घेतली, ती ही. गवताच्या यंत्रांत इंजिन हळू चालत असतां दोरी स्थिर राहते, कारण वेग वाढल्यावांचून क्लच पकडत नाहीं. विमानांत क्लच नसतो; प्रॉपेलर सरळ क्रँकशाफ्टवर घट्ट बसविलेला असतो. पहिल्या ठिणगीबरोबर तो फिरूं लागतो. २५ घन सेंटिमीटरच्या इंजिनावर सोळा ते अठरा इंची प्रॉपेलर मिनिटास सुमारें सात हजार फेरे घेतो. त्या वेगांत पातीं दिसत नाहींत, आणि बोटें तुटावयास क्षण लागत नाहीं.

शिवाय बॅटरी नाहीं म्हणून वीज नाहीं असें समजूं नये! सिलिंडरांत थोडें इंधन उरलें असल्यास, थांबलेला प्रॉपेलर सहज हातानें फिरविल्यानेंही इंजिन सुरू होऊं शकतें. यास्तव वेटोळ्याची ठिणगी बंद करण्याची तार इंजिनाच्या धातूस जोडणारें बटण बसविल्यावांचून कोणीं हें काम करूं नये. सुरू करतेवेळीं दुसऱ्यानें विमान मागून घट्ट धरावें, हातांत जाड चामडी मोजा असावा, व प्रॉपेलरच्या समोर किंवा बाजूच्या रेषेंत कोणी उभा नसावा. मुलांनीं तें वडील माणसांवांचून कधींही सुरू करूं नये.

शाळेच्या प्रयोगशाळेंत असें एक उघडें केलेलें इंजिन पालकांस व विद्यार्थ्यांस पाहतां येईल. चाक फिरवून पाहण्यास मुभा आहे. स्पार्क प्लग आम्हीं काढून कपाटांत ठेविला आहे.