आधी आवाज ओळखा, मग पार्ट बदला

राहणं पुण्यात आणि कोकणात जाणं-येणं बारमाही, तेही ताम्हिणी नाहीतर वरंध घाटाने. म्हणून मी ऑल-व्हील-ड्राइव्ह डिझेल एसयूव्ही घेतली. अशा गाडीत साध्या गाडीपेक्षा फिरते भाग बरेच जास्त असतात: ट्रान्सफर केस, मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट, त्याला मधे आधार देणारं सेंटर बेअरिंग, कप्लिंग, मागचा डिफरन्शियल आणि मागच्या चाकांचे एक्सल. यातला कुठलाही भाग आवाज करू शकतो. दुरुस्ती दोन हजारांत आटोपते किंवा लाखावर जाते, ते निदानावर ठरतं. गाडी वापरताना आणि गॅरेजमध्ये लिफ्टखाली उभं राहून काम बघताना जे उमगलं, ते इथे मांडतो.

१. आवाज इंजिनाचा की चाकांचा, हे आधी ठरवा.
सपाट, मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगात ॲक्सिलरेटर सोडून क्लच दाबा. इंजिनाचे आरपीएम उतरले तरी घरघर तशीच राहिली, तर दोष इंजिनात नाही. चाकं, शाफ्ट किंवा डिफरन्शियलमध्ये शोधायचा. ॲक्सिलरेटर दिल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, असं होत असेल तर डिफरन्शियलच्या क्राउन-पिनियनवर संशय घ्यावा. ही तपासणी घाटाच्या उतारावर कधीही करू नका.

२. वळणावर कान द्या.
उजवीकडे वळताना गाडीचं वजन डाव्या चाकांवर येतं. तेव्हा घूं-घूं वाढली आणि डावीकडे वळताना कमी झाली, तर डाव्या बाजूच्या चाकाचं बेअरिंग आधी तपासा. माझ्या गाडीला असा आवाज लागला, तेव्हा एका वर्कशॉपने थेट मागचा डिफरन्शियल बदलायला सांगितला. एस्टिमेट लाखाच्या वर होतं. आमचे नेहमीचे मिस्त्री म्हणाले, “साहेब, आधी चाक कोणतं बोलतंय ते बघू, पार्ट मग आणू.” त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, हँडब्रेक सोडला, एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. मलाही हात ठेवायला लावला. उजवीकडची स्प्रिंग शांत होती. डावीकडे तळहाताला बारीक खरखर स्पष्ट लागली. मागचं डावं बेअरिंग गेलं होतं. मजुरी धरून सात हजारांच्या आत काम झालं.

३. बेअरिंगवर खर्च करण्याआधी टायर तपासा.
टायर एकसारखा न झिजता खालीवर झिजला की बेअरिंगसारखाच आवाज येतो. टायरवरून तळहात पुढे-मागे फिरवा. चढउतार लगेच कळतात. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करा. आवाजाने जागा बदलली तर दोष टायरचा. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाजाची जात बदलत असेल, तरी टायरच धरा.

४. चारही टायर एका मापाचे आणि एकसारखे झिजलेले ठेवा.
हिशेब सोपा आहे. २१५/६५ आर१६ मापाचा नवा टायर किलोमीटरला सुमारे ४६४ फेरे घेतो. त्याची नक्षी ४ मिलिमीटर झिजली, की तेच फेरे सुमारे ४६९ होतात. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असले, तर हा पाच फेऱ्यांचा फरक दर किलोमीटरला कप्लिंगला सोसावा लागतो. ते तापतं आणि लवकर झिजतं. दोन टायरचे पैसे वाचवून कप्लिंग घालवणं कुणालाच परवडणारं नाही.

५. कटकट, ठक आणि थरथर वेगवेगळी ओळखा.
स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू पुढे घेताना कटकट आली, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट. रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये टाकताना खालून ठक झालं, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस किंवा इंजिन-गिअरबॉक्सचं माउंटिंग. ठरावीक वेगाला फरशी थरथरली, तर शाफ्ट आणि सेंटर बेअरिंग. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं, की रबरी बूट फाटला समजा. जॉइंट वाजायला लागण्याआधी बूट बदलून ग्रीस भरलं, तर दोन-तीन हजारांत भागतं. तेच दुर्लक्ष केलं तर आख्खा एक्सल घ्यावा लागतो.

६. टू-व्हील मोडवर विसंबू नका.
मोड बदलूनही आवाज राहिला म्हणून मागची लाइन निर्दोष ठरत नाही. बऱ्याच गाड्यांत टू-व्हील मोडमध्येही प्रोपेलर शाफ्ट फिरतच असतो. कोरड्या रस्त्यावर लॉक मोडमध्ये तंग वळण घेताना गाडी अडखळते, ती मात्र लॉक मोडच्या रचनेमुळेच, तो दोष नव्हे. लॉक मोड चिखल, वाळू आणि निसरड्यासाठी ठेवा.

७. तेल बघितल्याशिवाय डिफरन्शियल उघडू देऊ नका.
ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा, मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा निघाला, तर आत मोडतोड आहे. तेल दुधाळ दिसलं, तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात फरशी पुलावरच्या पाण्यातून गाडी काढली असेल, तर डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं तेल तपासून घ्या. ते वेळच्या वेळी बदलणं हा या गाडीवरचा सर्वांत स्वस्त विमा आहे.

८. एस्टिमेट ओळीओळीने वाचा.
पार्ट, मजुरी आणि कर वेगळे लिहून मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बऱ्याच भागांवर तो २८ टक्के होता, त्यामुळे जुन्या बिलाशी तुलना करताना हे लक्षात घ्या. पुण्याच्या नाना पेठेत नामांकित कंपन्यांची बेअरिंग मिळतात. पण पार्ट नंबर जुळवा आणि पक्कं बिल घ्या. काढलेला पार्ट परत मागा आणि हातात घेऊन फिरवून बघा.

आवाज आला की म्युझिक सिस्टीम मोठी करू नका. किती वेगाला, कोणत्या वळणावर आणि कोणत्या गिअरमध्ये येतो ते लिहून ठेवा, मिस्त्रींना शेजारी बसवून एक फेरी मारा. दोष कुठे आहे हे दाखवून देईपर्यंत एकाही पार्टला होकार देऊ नका.