दोष सांगावा कसा?

गेल्या वर्षी एका संकेतस्थळावर अर्ज भरताना मी गावाच्या रकान्यात 'शिरपूर' असे मराठीत लिहिले. लगेच लाल अक्षरांत उत्तर आले, 'फक्त अक्षरेच लिहा.' मी अक्षरेच तर लिहिली होती! चारदा खटपट करून शेवटी रोमन लिपीत नाव लिहिले आणि अर्ज पाठविला. अभिप्रायाच्या चौकटीत एवढेच लिहिले, 'फॉर्म नीट चालत नाही.' त्याचे पुढे काहीच झाले नाही.

संगणकाच्या आज्ञावलीतील दोषाला 'बग' म्हणजे किडा म्हणतात. हा शब्द जुनाच आहे. परंतु ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड येथे मार्क-२ या संगणकात खराखुरा पतंग अडकलेला सापडला व तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. आजचे किडे असे डोळ्यांना दिसत नाहीत. यास्तव ते शोधण्याची साधने निर्माण झाली.

ही साधने दोन प्रकारची आहेत. पहिली आज्ञावली लिहिणाऱ्याच्या टेबलावर असतात. २००६ साली आलेल्या 'फायरबग'ने ब्राउझरमध्येच पान उकलून पाहण्याची सोय केली. आज ती क्रोम व फायरफॉक्समध्ये अंगभूतच असते. आज्ञावली हव्या त्या ओळीवर थांबवून आत काय चालले आहे ते पाहता येते. मोबाइल वायरने संगणकाला जोडून त्यावरील पानही तपासता येते. दुसरी साधने वापरणाऱ्याकडून वार्ता आणतात. 'सेंट्री', 'क्रॅशलिटिक्स' यांसारखी साधने ॲप बंद पडताच ते कोणत्या फोनवर, कोणत्या ओळीशी बंद पडले हे कळवितात. काही साधने अभिप्रायासोबत पडद्याचे चित्रही पाठवितात. अर्थात त्यात खाजगी माहिती झाकलेली असली पाहिजे.

मग माझी अडचण या साधनांना का दिसली नसावी? कारण काहीच बंद पडले नव्हते. अर्ज नियमाप्रमाणे चालला होता. नियमच चुकीचा होता. पुढे थोडे वाचन केल्यावर उलगडा झाला. 'शिरपूर' ही आपल्या दृष्टीने चार अक्षरे; युनिकोडच्या हिशेबी मात्र सहा खुणा, कारण वेलांटी आणि उकार वेगळे मोजले जातात. शिवाय त्यांचा वर्ग 'अक्षर' हा नसून 'चिन्ह' हा आहे. केवळ अक्षर-वर्ग स्वीकारणारा नियम केला, की 'कमल' आत जाते आणि 'शिरपूर' दारातच अडते. मी त्या रकान्यात 'कमल' लिहून पाहिले. ते स्वीकारले गेले!

तेव्हा दुसरा अभिप्राय लिहिला : 'गावाच्या रकान्यात "कमल" चालते, "शिरपूर" चालत नाही. काना, मात्रा, वेलांटी नाकारली जात असावी.' सोबत फोन व ब्राउझर यांची नावे दिली. काही आठवड्यांनी तोच रकाना 'शिरपूर' बिनतक्रार घेऊ लागला.

मी काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, या तीन गोष्टी नेमक्या शब्दांत सांगणे हे कोणतेही साधन आपल्यावतीने करू शकत नाही. आपण कलाशाखेचे विद्यार्थी. नेमका शब्द हीच आपली विद्या. रोमन लिपीत नाव लिहून सुटका करून घेण्यापूर्वी आपण तो दोष नीट सांगितला, तर आपल्यामागून अर्ज भरणाऱ्याला गावाचे नाव मराठीत लिहिता येईल.