ग्लिसरीन लावा, पण ओल्या कातडीला



कापसाची वेचणी आणि थंडी आपल्याकडे संगतीनंच येतात. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना टोचतात, दिवसभर वावरात राहून टाचा फुटतात. गटाच्या बैठकीत बऱ्याच जणी म्हणतात, "मेडिकलमधून ग्लिसरीन आणलं, लावलं, तरी कातडी ओढल्यासारखीच वाटते." म्हणून या वेळचा धडा ग्लिसरीनवर.

ग्लिसरीन म्हणजे काय?
रंग नाही, वास नाही, पाकासारखं घट्ट आणि चवीला गोड. ते तेलातूनच निघतं. सरकीचं असो की खोबऱ्याचं, तेल कॉस्टिकच्या पाण्यात घोटलं की साबण होतो आणि ग्लिसरीन सुटं होतं. १०० किलो तेलामागे साधारण १० किलो. मोठे कारखाने बहुतेक वेळा ते काढून वेगळं विकतात. घरगुती पद्धतीच्या साबणात ते तसंच राहतं.

मग कातडी का ओढते?
ग्लिसरीनचा स्वभाव एकच: पाणी ओढायचं आणि धरून ठेवायचं. पावसाळ्यात हवेतच ओल असते. कोरड्या थंडीत ती कमी होते. तेव्हा निव्वळ ग्लिसरीन कोरड्या कातडीला लावलं, की ते आतल्या थरातलं पाणी वर ओढतं आणि ते पाणी उडून जातं.

कसं लावायचं?
१. रात्री पाय १० मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. नुसते टिपून घ्या, ओलसर राहू द्या.
२. १ चमचा ग्लिसरीनमध्ये ३ चमचे उकळून गार केलेलं पाणी मिसळून लावा.
३. वरून खोबरेल तेलाचा हात फिरवा. ग्लिसरीन पाणी धरतं, तेल ते उडू देत नाही.
४. सुती मोजे घाला, नाहीतर जुनं सुती फडकं गुंडाळा.

मिश्रण लागेल तेवढंच करा. पाणी घातलेलं टिकत नाही. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल, किंवा साखरेचा आजार असेल, तर घरी उपाय करत बसू नका. आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात दाखवा.

विकत घेताना
सुटं ग्लिसरीन घेऊ नका. बाटली सीलबंद हवी, त्यावर 'आय.पी.', बॅच नंबर आणि मुदत बघा. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून पाजलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं आणि १४ रुग्ण दगावले. लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. हे रसायनही दिसायला तसंच आणि गोडच असतं, त्यामुळे डोळ्यांनी किंवा चवीनं भेसळ ओळखू येत नाही.

गटाला विकायचं असेल तर?
घरच्या वापराला परवाना लागत नाही. पण क्रीम, लोशन किंवा अंगाचा साबण विक्रीसाठी बनवायचा, तर सौंदर्यप्रसाधने नियम २०२० प्रमाणे अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. कच्चा माल आणि साचे घेण्याआधी, कर्जाचा ठराव करण्याआधी हे विचारून घ्या. गटाचा पैसा अडकल्यावर विचारून उपयोग नाही.

पुढच्या बैठकीत करून बघा
एका हाताला कोरड्यावर निव्वळ ग्लिसरीन लावा, दुसऱ्या ओल्या हाताला पाणी मिसळलेलं. हप्त्याचा हिशोब लिहून होईपर्यंत थांबा आणि दोन्ही हात एकमेकींना दाखवा. कोणता हात मऊ लागला, ते वहीत लिहून ठेवा.

— तुमची क्षेत्र समन्वयक