गोचिडीतला विषाणू वाचताना

१. सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकांचा क्रम वाचणं, प्रयोगशाळेत होतं, पण त्याचं भवितव्य रानातच ठरतं. दोडामार्गच्या काजूबागेत पांढरं फ्लॅनेल पाचोळ्यावरून ओढायचं, उलटं करून उन्हात धरायचं. खसखशीएवढे ठिपके चालू लागले की चिमट्याने उचलून कुपीत. जागा, तारीख, जात तिथल्या तिथे लिहायची. नाहीतर पुढचं सगळं वाचन अधांतरी राहतं. २०१६ साली याच पट्ट्यात काजू वेचणारी माणसं गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाने आजारी पडली होती. ते ठिपके उचलताना हे मनातून जात नाही.

२. विषाणू शोधायला जावं, तर भेटते मुख्यतः गोचीडच. वाचलेल्या आरएनएत बराचसा भाग तिचा, मग तिच्यातल्या जिवाणूंचा, तिने ज्या गुराचं रक्त प्यायलं त्याचा. कधी विषाणूसारखा तुकडा तिच्याच गुणसूत्रात फार पूर्वी अडकलेला अवशेष निघतो.

३. ‘नवा विषाणू’ म्हणताना मी आता थबकते. ओडिशातल्या गंजाममध्ये १९५०च्या दशकात शेळ्यांवरच्या गोचिडींत एक विषाणू मिळाला, त्याला गंजाम नाव पडलं. केनियातला नैरोबीचा मेंढ्यांचा रोग तर १९१०पासून माहीत होता. २००२ साली दोन्ही विषाणूंची जनुकं शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा तो एकच निघाला! एवढा मोठा समुद्र मध्ये असताना.

४. आणि खरोखर नवं सापडतं तेव्हा पाठ्यपुस्तकच हलतं. फ्लॅविविषाणूंचा जनुकसंच एका सलग धाग्याचा, हे आम्ही शिकलेलो. माकडतापाचा विषाणू त्याच कुळातला. २०१४ मध्ये चीनमधून जाहीर झालेल्या जिंगमेन विषाणूचा संच मात्र चार तुकड्यांत होता. दोन तुकडे फ्लॅविविषाणूंशी नातं सांगणारे, दोघांना ओळखीचं कुणीच नाही. पुढे २०१९ मध्ये त्याचाच नातलग, आलोंगशान, गोचीड चावून ताप आलेल्या माणसांत सापडल्याचं जाहीर झालं.

५. क्रम हाती आला म्हणजे रोग कळला, असं होत नाही. अमेरिकेत मिझुरीत २००९ साली दोन शेतकरी तापाने आजारी पडले, त्यांच्या रक्तातून हार्टलँड विषाणू मिळाला आणि मग तो गोचिडींत शोधला गेला. आमची वाट उलटी आहे: विषाणू आधी यादीत येतो, त्याने कुणाला ताप येतो का, हे शोधायचं उरतं. म्हणून आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना मी दर हंगामात विनवते: डेंगू, मलेरिया, माकडताप, सगळं निगेटिव्ह आलेल्या रुग्णाचं रक्त टाकून देऊ नका, आमच्याकडे पाठवा.