जुनी गाडी खालून बघावी!

'ऑटोक्रॉस' म्हटलं की आपल्या होस्टेलमध्ये दोनच प्रश्न येतात. ज्युनिअर विचारतात, "ते डोंगरातलं रॅलीचं का?" आणि सीनिअर विचारतात, "पेट्रोल कोण टाकणार?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे अजून नाही. पहिल्याचं देतो.

मोकळं मैदान घ्यायचं, त्यावर प्लास्टिकचे कोन मांडून वळणावळणाचा रस्ता आखायचा आणि एका वेळी एकच गाडी सोडायची. शर्यत शेजारच्या गाडीशी नसते, घड्याळाशी असते. कोन पडला की वेळेत दंडाचे सेकंद मिळवले जातात. परदेशात हे बहुतेक डांबरी मैदानावर चालतं, आपल्याकडे मातीवर आणि मुरमावरही होतं. फॉर्म्युला स्टुडंटला गेलेल्या मुलांना ही भानगड ठाऊक आहे, कारण त्यांच्या गाडीलाही ऑटोक्रॉसची वेगळी परीक्षा द्यावी लागते. आपल्या देशात मोटर स्पर्धांचं नियंत्रण एफएमएससीआय ही संस्था करते आणि अधिकृत स्पर्धेला तिचं लायसन्स लागतं. मराठी माणसाला हे क्षेत्र परकं नाही. पुण्याचे संजय टकले २०२५ च्या डाकार रॅलीत क्लासिक विभागात चारचाकी घेऊन उतरले होते. पण नांदेड-लातूरकडच्या पोराने सुरुवात करायची तर कुठून? आमच्या मते जुन्या छोट्या गाडीपासून. ती निवडताना आम्ही जे शिकलो ते लिहितो, म्हणजे पुढच्या बॅचचे पैसे वाचतील.

आम्ही सात जण. प्रत्येकी २० हजार, म्हणजे एक लाख चाळीस हजारांचा फंड. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यातले एकाचे पैसे घरच्या सोयाबीनच्या पट्टीतून आलेले होते. वडिलांनी लातूरच्या आडतीवर माल घातला आणि पोराच्या हातावर पैसे ठेवून एवढंच म्हणाले, "शिकायच्या कामाचं हाय ना?" तो "हो" म्हणाला. त्यामुळे चुकीची गाडी घेऊन चालणार नव्हतं.

सुरुवातीला आम्ही सगळ्यांसारखंच केलं. वहीच्या मागच्या पानावर तक्ता काढला आणि ताकद भागिले वजन करून मोकळे झालो. मारुती एस्टीमचं १३०० सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन ८५ अश्वशक्तीचं आणि वजन पावणेनऊशे किलोच्या आसपास, म्हणजे टनाला साधारण ९७. शेवटच्या काळातली झेन ६० अश्वशक्ती, वजन साडेसातशेच्या थोडं वर, टनाला ७८. अल्टो के-१० ची ६७ अश्वशक्ती आणि वजन साधारण साडेसातशे, टनाला ८९. एस्टीम पहिली! शिवाय तिला रॅलीचा इतिहास आहे, एके काळी आपल्याकडच्या रॅलीत एस्टीमच एस्टीम दिसायच्या. आमचं ठरलंच.

लातूरला बार्शी रोडच्या बाजूला एका काकांकडे एक होती. मोतिया रंग, सत्तर हजार किंमत. आम्ही चौघं सकाळच्या गाडीने लोहा-अहमदपूर करत लातूरला पोचलो. सोबत देगलूर नाक्यावरचे आमचे मेकॅनिक चाचा होते. इंजिन असं की बॉनेटवर चहाचा कप ठेवला तर हलणार नाही. आम्ही खिशातले पैसे चाचपायला लागलो. चाचा मात्र इंजिनाकडे बघतही नव्हते. ते गुडघ्यावर बसून गाडीच्या खाली वाकून बघत होते. म्हणाले, "इंजन का क्या है बेटा, कल बदल देते. पत्रा टेढ़ा निकला तो क्या बदलोगे?"

हे वाक्य आम्हाला तीन वर्षांच्या मेकॅनिकलमध्ये कुणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं. ट्रकला वेगळी चेसिस असते, तिच्यावर बॉडी बसवतात. छोट्या गाडीत तसं नसतं. पत्र्याचा सांगाडा हीच चेसिस, म्हणजे मोनोकॉक. पुढची शॉकअप ज्या पत्र्याला वरून बांधलेली असते त्याला गॅरेजवाले ऍप्रन म्हणतात. गाडी एकदा जोरात ठोकली की हा ऍप्रन आणि खालचा मेंबर सरकतो. डेंटिंगवाला तो ओढून जागेवर आणल्यासारखा करतो, वर पुट्टी, वर रंग. गाडी बाजारहाट करायला चालते. ऑटोक्रॉसला चालत नाही. का, ते बघू.

गाडी वळते तेव्हा आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. किती? एकूण वजनाला पार्श्व त्वरणाने गुणा (हे 'जी'च्या पटीत), गुरुत्वमध्याच्या उंचीने गुणा आणि डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराने भागा. समजा ड्रायव्हरसकट वजन ८१५ किलो, त्वरण ०.७ जी, उंची ०.५४ मीटर, अंतर १.२९ मीटर. उत्तर येतं जवळपास २४० किलो. आता कोन पंधरा-पंधरा मीटरवर मांडलेत आणि तुम्ही ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला दहा मीटरने, नागमोडी जाताय. दर दीड सेकंदाला हे दोन-अडीचशे किलो डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे. हे झेलतं कोण? इंजिन नाही. टायर, लोअर आर्म, बॉल जॉइंट, शॉकअप आणि शेवटी तोच ऍप्रनचा पत्रा. तिथलं जुनं वेल्डिंग अर्धवट असेल तर ते सुटायला मैदानच निवडणार. वेग कमी असतो हे खरं, पण चाक आत दुमडायला ताशी चाळीस पुरेसे आहेत.

याच सूत्रातून उंच गाड्यांचाही निकाल लागतो. सँट्रो किंवा वॅगन-आर शहरात गोड गाड्या आहेत, पण डोक्याशी जागा जास्त म्हणजे गुरुत्वमध्य वर. उंची वाढली की भाराची अदलाबदल वाढते आणि आतलं पुढचं चाक हवेत फिरत बसतं. आणि अश्वशक्ती? अशा मैदानावर बहुतेक वेळ गाडी दुसऱ्या गिअरमध्येच असते. एस्टीमची जादाची ताकद वापरायला सरळ रस्ताच मिळत नाही. आमचा वहीतला तक्ता चुकीचा नव्हता, तो हायवेचा होता.

असो. परत बार्शी रोडवर येऊ. पत्रा वाकडा आहे हे डोळ्यांनी सांगणारे चाचा, पण आम्हाला आकडा पाहिजे होता. मी सिव्हिलच्या सरांकडून ओळंबा मागून आणला होता (कशाला ते सांगितलं नव्हतं). गाडी सपाट सिमेंटच्या अंगणात उभी केली. पोटाखाली झोपून पुढच्या दोन्ही लोअर आर्मच्या मागच्या बोल्टवरून ओळंबा सोडला आणि खाली खडूने खूण केली. मागच्या आर्मच्या दोन्ही बोल्टचंही तसंच. मग गाडी ढकलून बाजूला घेतली. अंगणात चार खुणा राहिल्या. पुढची डावी ते मागची उजवी आणि पुढची उजवी ते मागची डावी, हे दोन्ही कर्ण टेपने मोजायचे. गाडी सरळ असेल तर कर्ण सारखे, दहावीची भूमिती. पाचेक मिलिमीटरचा फरक आम्ही आमच्या मापाच्या चुकीत धरणार होतो. फरक निघाला २३ मिलिमीटर.

पुन्हा मोजलं. २३ च.

मग चुंबक काढलं. फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवलं, तर उजव्या मडगार्डवर ते चिकटेच ना, खाली हातभर पुट्टी. काका स्वतः तिसरे मालक. त्यांनाही हे माहीत नव्हतं. ते अंगणातल्या खडूकडे बघत बराच वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "दहा कमी करा की." आमच्यातला सोयाबीनवाला तयार झाला होता, कारण साठ हजारांत गाडी मिळाली असती तर त्याचे अर्धे पैसे घरी परत गेले असते. त्याला समजावताना अहमदपूरपर्यंत बस आली. या लेखातला सगळ्यात अवघड भाग तो होता.

पुढची नांदेडातच, जुन्या एपी नंबरची झेन. माझी लाडकी. गाडी बुटकी, वजनाला हलकी, चारही चाकं कोपऱ्यात. पत्रा सरळ, फरक ४ मिलिमीटर. पण कागदं! झेनचं हे मॉडेल २००६ मध्ये बंद झालं, म्हणजे आज कुठलीही झेन पंधरा वर्षांच्या पुढे गेलेलीच. पंधरा वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण करावं लागतं. २०२२ पासून त्याची फी कारला पाच हजार झाली आणि वीस वर्षांपुढच्या गाडीला २०२५ मध्ये दहा हजार. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर तिकडची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणून इकडचा नंबर घ्यावा लागतो, टॅक्सही भरावा लागतो. या गाडीच्या आरसीवर बँकेचा बोजाही तसाच होता. कर्ज फिटलंय म्हणून चालत नाही, फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवावा लागतो. मालक म्हणे, "करून देऊ की नंतर." 'नंतर' हा शब्द आला की उठावं. उठलो, पण मी दोनदा मागे वळून बघितलं.

शेवटी घेतली ती २०१२ ची अल्टो के-१०, एमएच २६ पासिंग, एक लाख पाच हजार. दिसायला भिकार. सीट फाटलेल्या, मागच्या बंपरला तार बांधलेली, क्लच घसरत होता. पण कर्णांतला फरक ३ मिलिमीटर, ऍप्रनवर कंपनीचे मूळ स्पॉट वेल्ड जसेच्या तसे. कॉम्प्रेशन तिन्ही सिलिंडरांत जवळपास सारखं, फरक एक बारच्या आत. स्टेअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवल्यावर एक्सलमधून कट-कट आवाज येत होता, म्हणजे सीव्ही जॉइंट गेलेला. तो खर्च दिसत होता, मोजता येत होता, म्हणून भावातून कमी करून घेतला. हिशोबी माणसाला दिसणारा दोष चालतो. शिवाय के-१० चं कुठलंही सामान नांदेडात संध्याकाळपर्यंत मिळतं. पालिओ १.६ शंभर अश्वशक्तीची, मन कुणाचंही जाईल, पण एका सेन्सरसाठी आठवडाभर वाट बघायची असेल तर सेमिस्टरमध्ये दोनदाच गाडी चालेल.

आरसी, फॉर्म २९ आणि ३०, विमा, पीयूसी हे सगळं पैसे देतानाच हातात घ्या. आणि एक गोष्ट विम्याची पॉलिसी उघडून स्वतः वाचा. शर्यत आणि वेगाच्या चाचणीसाठी वापर केला तर साधी मोटार पॉलिसी भरपाई देत नाही. म्हणजे मैदानावर जे मोडेल ते आपल्या खिशातलं. रस्त्यावर 'प्रॅक्टिस' करायचा विचारही नको. विनापरवानगी सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि आपल्या बायपासला ऊस भरलेले ट्रॅक्टर विनालाईट येतात हे वेगळं सांगायला नको.

उरलेल्या पस्तीस हजारांचं काय केलं? हॉर्न, स्टिकर, जाड सायलेन्सर असं काही नाही. दोन्ही लोअर आर्म, बॉल जॉइंट, क्लच प्लेट, पुढचे ब्रेक पॅड, चार टायर. ब्रेक ऑइल संपूर्ण बदललं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट-३ ऑइल २०५ अंशांना उकळतं, ओल धरलेलं १४० लाच. उकळलं की पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत सराव करणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा. हेल्मेटला पैसे पुरले नाहीत, ते स्पर्धेआधी घ्यायचं आहे. बाइकचं नाही, कार स्पर्धेचं. त्यात आगीचाही विचार केलेला असतो.

प्राचार्यांची परवानगी काढून एका रविवारी पार्किंगच्या सिमेंटवर नऊ मीटरच्या दोरीने वर्तुळ आखलं. गाडी त्यावर न घसरता जितकी जोरात फिरेल तितकी फिरवायची आणि एका फेरीची वेळ घ्यायची. त्रिज्या ९ आणि वेळ ७.१ सेकंद, चार पाय वर्ग गुणिले त्रिज्या भागिले वेळेचा वर्ग, म्हणजे ७.०५ मीटर प्रति सेकंद वर्ग, ०.७२ जी. वेग ताशी २९ सुद्धा नाही, तरी पोटातली मेसची भाजी वर येते! मागच्या मुरमाच्या मैदानावर हीच फेरी ८.८ सेकंदांची झाली, ०.४७ जी. डावीकडून आणि उजवीकडून दोन्ही वेळा घ्या. ड्रायव्हर उजवीकडे बसत असल्याने थोडा फरक राहतोच, पण अर्ध्या सेकंदाचा आला तर अलाइनमेंट तपासा. आमचा ०.४ आला होता. डाव्या शॉकअपचं वरचं माउंटिंग बदलल्यावर ०.१ वर आला.

सोयाबीनवाल्याचे वडील मागच्या महिन्यात होस्टेलला आले होते. त्यांना शेजारी बसवून एक फेरी मारली. उतरल्यावर त्यांनी टायर दाबून बघितले आणि गाडीखाली वाकून विचारलं, "खालून बरी हाय नव्हं?"

ओळंबा सिव्हिलच्या सरांना अजून परत दिलेला नाही. कुणाला जुनी गाडी बघायला जायचं असेल तर रूमवर येऊन घेऊन जा, खडू मात्र तुमचा तुम्ही आणा.