न दुखणारी जखम

निरोगी माणसाच्या तळपायाला झालेली साधी जखम दोन-तीन आठवड्यांत भरून येते. तीच जखम कुष्ठरोग्याच्या किंवा जुन्या मधुमेह्याच्या पायाला झाली, तर महिनोन् महिने चिघळत राहते. भरली तरी पुन्हा उघडते. यावरून पूर्वी असे अनुमान काढले जाई की रोगाने मांसच नासले आहे आणि नासलेले मांस भरून येणे शक्य नाही. या अनुमानाची किंमत रोग्यांनी मोजली. तळव्यावरील व्रण म्हणजेच रोग, असे लोक समजत. त्यामुळे शरीरातील जंतू नाहीसे झाल्यावरही व्रण असलेल्या माणसाला गावाची वेस बंदच राही. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे 1936 मध्ये मनोहर दिवाण यांनी कुष्ठधाम सुरू केले व 1939 मध्ये गांधीजींनी परचुरे शास्त्री या कुष्ठपीडित संस्कृत पंडितांना सेवाग्रामात ठेवून घेतले. ही कृत्ये एवढी धाडसाची का वाटली, हे त्यावरून समजेल. परंतु करुणेने व्रण धुतला जाई. तो का भरत नाही, या प्रश्नाचे उत्तर करुणेपाशी नव्हते.

ते शोधणाऱ्यांत डॉ. पॉल ब्रँड हे अग्रगण्य होत. त्यांचा जन्म 1914 मध्ये दक्षिणेतील कोल्ली टेकड्यांत झाला आणि 1946 मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सक म्हणून आले. कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर शस्त्रक्रिया करताना त्यांना आढळले की शस्त्राने केलेली जखम या रोग्यांतही इतरांप्रमाणेच भरून येते. मग दोष मांसात नाही, हे उघड झाले. दोष होता मज्जातंतूंत.

चालताना आपल्या पायाला खडा टोचला की आपण नकळत भार दुसरीकडे सारतो. फोड आला तर लंगडतो. लंगडणे हा आपण कमीपणा समजतो, पण वस्तुतः ती शरीराने स्वतःवर केलेली चिकित्साच असते. मज्जातंतू निकामी झालेला माणूस मात्र लंगडत नाही. तो जखमेवर पूर्ण भार देऊन शेतात जातो, बाजारातून परततो आणि प्रत्येक पावलागणिक नव्याने तयार झालेली कोवळी त्वचा चिरडून टाकतो. म्हणून असा व्रण बहुधा अंगठ्याच्या मुळाशी, चवड्याखाली किंवा टाचेवर, म्हणजे जेथे दाब सर्वाधिक असतो तेथेच आढळतो. प्रथम घट्टा धरतो, त्याखालील मांस ठेचले जाते, तेथे ऊब जाणवू लागते आणि मग त्वचा फुटते. ही ऊब हाताच्या स्पर्शाने कळू शकते. जो तळवे रोज चाचपून पाहतो, त्याला व्रणाची पूर्वसूचना मिळते.

यावरून उपचाराची दिशा ठरते. मलम कोणते लावावे, याला दुय्यम महत्त्व आहे. भार काढून घेणे हे मुख्य. परंतु ज्याला दुखत नाही आणि ज्याचे पोट हातावर आहे, त्याला सहा आठवडे अंथरुणावर पडून राहण्यास सांगणे व्यर्थ ठरते. 1930 नंतरच्या दशकात भारतात व सिलोनमध्ये काही शल्यचिकित्सकांनी पायाला प्लास्टर घालून रोग्याला चालते ठेवण्याचा मार्ग काढला होता. ब्रँड यांनी तो पुढे नेला. गुडघ्याखालपासून पावलाला सर्वत्र भिडेल असे प्लास्टर घातले की भार एका बिंदूवर न पडता साऱ्या तळव्यावर व पोटरीवर विभागला जातो. साधा व्रण पुष्कळदा दीड-दोन महिन्यांत भरतो. 1966 मध्ये ब्रँड अमेरिकेतील कार्व्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले आणि तेथे हीच पद्धत मधुमेह्यांच्या पायांसाठी वापरात आली. भारतातील कुष्ठरोग्यांच्या पायांनी शिकविलेला हा धडा अशा रीतीने धनाढ्य देशांतील रुग्णांच्या उपयोगी पडला.

मात्र प्लास्टर सरसकट घालता येत नाही. पू, सूज वा ताप असेल, अथवा सळई थेट हाडाला लागत असेल, तर आधी विश्रांती, प्रतिजैविके व मृत हाड काढून टाकणे आवश्यक असते. मधुमेह्याच्या पायाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या असू शकतात. पावलावरची नाडी लागत नसेल तर प्रथम रक्तपुरवठ्याची तपासणी व्हावयास हवी. घोट्याच्या वर, आतल्या बाजूस होणारा नीलांचा व्रण तर सर्वस्वी निराळा. त्याला दाबपट्टी व पाय उंच ठेवणे मानवते.

व्रण भरल्यावरचे आयुष्य वहाणेवर अवलंबून असते. आत मऊ सूक्ष्मछिद्री रबर, खाली काटा न शिरेल असा कठीण तळ, मागे टाचेचा पट्टा, आणि खिळा एकही नाही. नुसत्या अंगठ्याच्या चपलेला बधिर बोटे धरून ठेवू शकत नाहीत. ती निसटते व निसटल्याचे कळतही नाही. कुष्ठरोग्याच्या कोरड्या पडलेल्या पायांना रोज साध्या पाण्यात भिजवून, घट्टा हलकेच घासून तेल लावल्यास भेगा पडत नाहीत. मधुमेह्याने मात्र पाय फार वेळ भिजवू नयेत, आणि स्नानाचे पाणी किती कढत आहे हे पायाने न पाहता कोपराने पाहावे.